पोदेराला कोणी उत्तर देत नाही

गोव्यातल्या आमच्या गावात सकाळी सव्वासातला पोदेराचा, म्हणजे पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजतो. त्या वेळी आमच्या ओसरीच्या सोप्यावर चार पुरुष ओळीने बसलेले असतात आणि चौघांचीही तोंडं घट्ट मिटलेली असतात. पोदेर सायकल थांबवून विचारतो, "कितले?" कोणी बोलत नाही. एकजण एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचं एक दाखवतो. सहा उंडे, म्हणजे सहा गोल पाव. पैसे कठड्यावर ठेवलेले असतातच. पोदेराचा बरेच दिवस समज होता की ही कुठल्यातरी बुवाची माणसं आहेत आणि सकाळचं मौन पाळतात. मी तो समज दूर केला नाही. गावाला जेवढं कमी कळेल तेवढं बरं, असं तेव्हा वाटायचं.

मौन खरं आहे, बुवा नाही. चौघांच्या जिभेखाली एकेक बारीक गोळी विरघळत असते. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन, गर्दाच्या म्हणजे हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध; २ मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. कोणाला एक, कोणाला दोन, कोणाला जास्त. पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, चहा नाही, थुंकीसुद्धा गिळायची नाही. गिळली तर औषध पोटातून यकृताकडे जातं आणि बरंचसं फुकट जातं. विरघळली की पाण्याने चूळ भरायची, आणि दात मात्र तासाभराने घासायचे, कारण या गोळीने दात किडतात. आमच्या घरात न्याहारीनंतर नळावर दात घासायला रांग लागते ती त्यामुळे.

मी हे घर भाड्याने दिलं त्यात परोपकार वगैरे काही नव्हता. २०१९ मध्ये शाळेतून निवृत्त झाले. एक भाऊ बेळगावला, एक पुण्याला. अस्नोड्याजवळचं वडिलोपार्जित घर माझ्या गळ्यात, आणि मंगळुरी कौलं दर पावसाळ्यात सरकतात. मागच्या दोन खोल्यांत मी, पुढचा भाग रिकामा. मावसबहिणीची सून नर्स आहे. ती म्हणाली, "मावशी, चार माणसं आहेत, कामाधंद्याची, भाडं वेळेवर देतील. औषधावर आहेत एवढंच."

औषधावर म्हणजे मला डायबेटिस वाटला.

अकरा महिन्यांचा करार झाला, भाडेकरूंचा फॉर्म पोलिस ठाण्यात दिला, आणि तिसऱ्याच दिवशी केर काढताना मला एक रिकामी पट्टी सापडली. नाव ओळखीचं नव्हतं. म्हापशाला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं औषधाचं दुकान आहे, त्याला दाखवली. त्याने उलटसुलट करून बघितली आणि आवाज खाली आणला. "बाई, ही दुकानात मिळत नाही. व्यसनमुक्तीच्या केंद्रातूनच देतात. तुम्ही घर गर्दुल्ल्यांना दिलंय."

मी बसने घरी आले ती भांडायच्याच तयारीने. त्या चौघांची नावं इथे लिहिणार नाही, तसं त्यांना वचन दिलंय. सर्वांत मोठा पेडण्याचा, शेहेचाळीस वर्षांचा, त्याला मी थोरला म्हणते. एक टेम्पो चालवतो, तो ड्रायव्हर. एक कळंगुटच्या शॅकमध्ये आचारी होता, त्याला सगळे कूक म्हणतात. आणि चोवीस वर्षांचा मोबाइल दुरुस्त करणारा, तो बारका. मी म्हटलं, एक तारखेला घर खाली करा. थोरला म्हणाला, "करतो, बाई. त्याआधी पाच मिनिटं बसा." आणि मला माझ्याच घरात चहा दिला.

समजावलं ते ड्रायव्हरने. "बाई, म्हापशाच्या स्टँडवर कदंब बस लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना? आमच्या मेंदूत तशा सीट्स आहेत. गर्द येऊन त्यांवर बसायचा. ही गोळी म्हणजे रुमाल. सीट धरलेली असते, म्हणून टर्की लागत नाही. वरून कोणी गर्द घेतला तर त्याला बसायलाच जागा नसते." टर्की म्हणजे नशा उतरल्यावरची तडफड: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पाय आपटत रात्र काढणं. "पण घाई केली तर हीच गोळी बसलेल्या पॅसेंजराला उठवून लावते. गर्द अंगात असताना घेतली तर अशी टर्की लागते की माणूस भिंतीवर डोकं आपटेल. म्हणून पहिली गोळी बारा ते चोवीस तास थांबून, टर्की सुरू झाल्यावरच द्यायची, आणि तीही डॉक्टरसमोर."

पस्तीस वर्षं खडू धरला, त्यामुळे ऐकलेलं तपासल्याशिवाय मला पटत नाही. मी वाचायला लागले. हेरॉइनच्या रुग्णाला दुसरं अफूजन्य औषध रोज मोजून देण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये मेथाडोनवर मांडली, म्हणजे मी लहान होते तेव्हा. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ब्युप्रेनॉर्फिन वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ही गोळी देण्याची मुभा दिली, आणि १९९९ पर्यंत तिथले हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू जवळजवळ चार पंचमांशाने घटले. हा आकडा मी दोनदा वाचला. आणि आपल्या देशाचा २०१९चा एम्सचा अहवाल सांगतो की अफूजन्य पदार्थ घेणारे २ कोटी २६ लाख, त्यातले सुमारे ७७ लाख मदतीची गरज असलेले. म्हणजे माझ्या ओसरीवरचे चार काही जगावेगळे नव्हते.

एक तारीख आली आणि गेली. मी घर खाली करण्याबद्दल काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही.

थोरल्याची गोष्ट सांगायला हवी, कारण हे घर त्याच्या रागातून उभं राहिलंय. तो तीन वेगवेगळ्या केंद्रांत राहून आला. तिन्ही ठिकाणी एकच अट: आत यायचं तर गोळी बंद. "एक नशा सोडून दुसरी धरलीस, त्याला सुटणं म्हणत नाहीत," असं त्याला तोंडावर सांगितलं. पहाटे उठणं, प्रार्थना, झाडलोट, भाषणं, सगळं त्याने मनापासून केलं. तिसऱ्या ठिकाणाहून त्याच्यासोबत सुटलेला डिचोलीकडचा एक मुलगा पाचव्या दिवशी गेला. पूर्वी जेवढं घ्यायचा तेवढंच घेतलं होतं. पण महिनाभर अंग कोरडं राहिलं की सवय मोडलेली असते, तेवढीच मात्रा श्वास थांबवते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे मला आता पाठ झालंय. थोरला म्हणतो, "त्या पोराला सर्टिफिकेट दिलं होतं, बाई. घरच्यांनी फ्रेम केलं होतं."

मग तो गोळीवर गेला. गोळी देणारे डॉक्टर चांगले, पण गोळी घेऊन जायचं कुठे? पेडण्याच्या त्याच खोलीत, त्याच मित्रांच्या गल्लीत. छप्पर होतं तिथे गोळी चालत नव्हती आणि गोळी होती तिथे छप्पर नव्हतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि सरकारने अर्ध्या वाटेवरची घरं, आधाराची निवासं द्यावीत असंही लिहिलंय. ती ओळ थोरल्याने मला मोबाइलवर काढून दाखवली. तोवर तो म्हापशात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपत होता.

घराचे नियम त्याने बाहेरून आणले. अमेरिकेत मेरिलँडमध्ये १९७५ साली ऑक्सफर्ड हाउस नावाचं पहिलं घर सुरू झालं. तिथे वर कोणी साहेब नाही, पगारी वॉर्डन नाही. राहणारे भाडं वाटून भरतात, मतदानाने कारभार चालवतात, आणि नशा करणाऱ्याला बाहेर काढतात. गोळी घेणाऱ्यांना दार लावणारी घरं तिकडेही कमी नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याला सांगावं लागलं की डॉक्टरने लिहून दिलेलं हे औषध घेतो म्हणून कोणाला सेवा नाकारणं अपंगत्वाच्या कायद्याचा भंग ठरू शकतं.

आमच्याकडे नियमांचा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला आहे. भाडं माणशी साडेतीन हजार. गोळ्या लोखंडी डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली आठवड्याआड दुसऱ्याकडे, शनिवारी मोजणी. रात्री नऊनंतर पाहुणा नाही. महिन्यातून दोनदा, न सांगता, लघवीची तपासणी.

या तपासणीने माझ्या स्वयंपाकात ढवळाढवळ केली, त्याचा राग अजून गेलेला नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने चौघांना शागुती करून घातली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची तपासणीची पट्टी वाईट निघाली. तो देवाच्या शपथा घेतोय, थोरला गप्प, बारका रडकुंडीला. शेवटी कूकने विचारलं, "बाई, वाटपात खसखस किती घातली होती?" खसखस म्हणजे अफूच्या बोंडाचं बी. पोटभर खाल्ली तर तपासणीत मॉर्फिन दिसू शकतं. आणि गंमत अशी की ते रोज घेतात ती गोळी मात्र त्या साध्या पट्टीवर उमटत नाही, तिला वेगळी पट्टी लागते. तेव्हापासून या घरात शागुतीला खसखस नाही, चतुर्थीच्या नेवऱ्यांत, म्हणजे करंज्यांत, खसखस नाही. माझ्या आईने अशा नेवऱ्या कुत्र्याला घातल्या नसत्या.

आता माझी चूक.

चौघांत माझा जीव कूकवर. काणकोणचा, हाताला चव, घुमट उत्तम वाजवतो. दुसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आधी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला त्याला बोलावलं. तो स्टुलावर चढून सुपाऱ्यांचा घोस बांधत होता, मी खालून कांगलां आणि तोरिंगणं देत होते. मी सहज म्हणाले, "वर्ष होऊन गेलं रे. किती दिवस गोळीवर राहणार? गणपतीचं नाव घे आणि सोड आता. तुझ्यात तेवढा निश्चय आहे." तो हसला. "बघूया, बाई," म्हणाला. मला आपण चांगलं काही बोललो असंच वाटलं. शाळेत मुलांना असंच तर बोलत आले.

गोळी सोडायची असेल तर डॉक्टर महिनोन् महिने थोडी थोडी कमी करतात, आणि कित्येकांनी ती वर्षानुवर्षं घेणंच शहाणपणाचं असतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण मनातून मी अजून त्या केंद्रवाल्यांच्याच बाजूची होते. सुटणं म्हणजे रिकामे हात, असं मला वाटायचं.

विसर्जनानंतर चारपाच दिवसांनी पोदेर आला आणि ओसरीवरून कूकचा खणखणीत आवाज आला, "स उंडे!" मी मागच्या दारी तांदूळ निवडत होते. ऐकून बरं वाटलं. म्हटलं, चला, एकाने तरी त्या बिचाऱ्याला तोंडाने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशीही तोच आवाज. तिसऱ्याही. बाकीचे तिघे शेजारीच बसलेले, पण ते बोलूच शकत नव्हते, आणि नंतर कामावर जायच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तोंडात गोळी असलेला माणूस ओरडेल कसा, हा साधा प्रश्न पाचजणांच्या घरात कोणालाच पडला नाही. मला तर मुळीच नाही.

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. रविवारची संध्याकाळ. बारक्याने न्हाणीघराचं दार बराच वेळ वाजवलं आणि मग खांद्याने तोडलं. कूक जमिनीवर होता. घोरल्यासारखा आवाज येत होता, पण ते घोरणं नव्हतं, घशात पाणी अडकल्यासारखी घरघर होती, आणि दोन घरघरींमध्ये मी मनात सात-आठ आकडे मोजत होते. ओठ जांभळासारखे. थोरल्याने पापणी उघडून बघितली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बारक्याने १०८ला फोन लावला. थोरल्याने कूकचं डोकं मागे केलं, नाक चिमटीत धरलं आणि तोंडात फुंकायला लागला. दर पाच सेकंदांना एक. मध्ये एकदाही थांबला नाही. मी दारात उभी होते आणि माझ्या हातात, का कोण जाणे, निरांजन होतं.

गाडी आली. इस्पितळात नॅलोक्सोनचं, म्हणजे गर्दाचा अंमल उतरवणारं, इंजेक्शन दिलं आणि दोनतीन मिनिटांत त्याने डोळे उघडले. पहिलं वाक्य शिवीचं होतं. त्या इंजेक्शनचा अंमल तास-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. घरी त्याच्या ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात रुमालात बांधलेल्या गोळ्या सापडल्या. रोज सकाळी डब्यातून घेत होता, त्यामुळे शनिवारची मोजणी बरोबर जुळत होती.

पोलिस येतील का, ही मला धास्ती. ड्रायव्हरने सांगितलं की अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा थोड्या मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून मान्य केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. टेम्पो चालवणाऱ्याला कलमं पाठ, आणि मला फक्त अभंग.

सोमवारी रात्री तिघे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. कागदावरचा नियम स्पष्ट होता: जो घेईल तो त्याच दिवशी बाहेर. मी म्हटलं, चूक माझी आहे, मीच त्याला सोड म्हणाले. माटोळीखाली झालेलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. कोणी रागावलं नाही, ते जास्त लागलं. मी म्हटलं, माझं मत त्याला ठेवण्याला. थोरला म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. पण हात वर करू नका. तुम्ही इथल्या भाडेकरू नाही, तुम्ही मालकीण आहात."

ड्रायव्हर काढण्याच्या बाजूने. बारका ठेवण्याच्या. थोरल्याने बराच वेळ मीठ बोटाने टेबलावर पसरवलं आणि काढण्याच्या बाजूने हात केला. मग स्वतःच दुसरा ठराव मांडला: इस्पितळात पुन्हा गोळी सुरू करून तीस दिवस राहिला तर परत अर्ज करता येईल, आणि तोवर त्याची खाट दुसऱ्याला द्यायची नाही, भाडं तिघांनी भरायचं. हा एकमताने. मला तेव्हा थोरला कठोर वाटला होता. आता विचाराल तर सांगता येणार नाही. रात्री बारक्याला झोप लागत नव्हती, त्याला न्हाणीघराच्या तुटलेल्या दाराकडे बघत बसलेला मी पाहिलं होतं.

कूकची आई काणकोणहून आली. वाकून मला नमस्कार करायला लागली तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. तिला काय सांगणार?

तो डिसेंबरमध्ये परत आला. आधीपेक्षा जास्त मात्रेवर. पहिल्या सकाळी पोदेराने विचारलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली, आणि मग मागे वळून ती मलाही दाखवली.

त्याच आठवड्यात दारामागच्या कागदावर एक ओळ वाढली, ड्रायव्हरच्या अक्षरात: "घरमालकीणीने औशधाबद्दल कोणालाही सल्ला देउ नये." मी लाल पेन आणून 'घरमालकिणीने', 'औषधाबद्दल' आणि 'देऊ' एवढं दुरुस्त केलं. बाकी मजकुराला हात लावला नाही.

परवा सकाळी फोन आला. वास्कोहून एक बाई, कोणाकडून तरी नंबर मिळालेला. मुलगी सव्वीस वर्षांची, तीन महिन्यांपासून गोळीवर, नवऱ्याच्या घरी परत गेली तर पुन्हा तेच, माहेरी जागा नाही. दोन ठिकाणी विचारलं, गोळी बंद करून आणा म्हणाले. माझ्याकडे पुढच्या भागात चार पुरुष आणि मागे दोन खोल्या, त्यातल्या एकीत नारळ आणि मोडकी शिलाई मशीन. मी मनात मशीन हलवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, मग काय करू? बंद करू का गोळी तिची? तुम्हीच सांगा."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि या वेळी ते बरोबरही होतं. पण समोर दार, दारामागे कागद. मी फोन घेऊन ओसरीवर गेले आणि थोरल्यापुढे धरला. त्याने मान हलवली, मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांची बोटं पसरली.

"फोन ठेवू नका," मी तिला म्हटलं. "दहा मिनिटं थांबा. आता ते बोलू शकत नाहीत."